मदत हवी आहे: फायब्रॉइडसाठी (गर्भाशयातल्या गाठींसाठी) एमआरआय खरंच लागतो का?
ताईला (वय ४२) पाळीत अंगावरून फार जातं, हिमोग्लोबिन ८ वर आलंय. पोटावरच्या सोनोग्राफीत गर्भाशयात तीन गाठी दिसल्या, मोठी ६ सेंमी. एक डॉक्टर म्हणतात, योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी पुरेल. दुसऱ्यांनी एमआरआय सांगितलाय: गाठ अस्तरात किती घुसलीय आणि सोबत अ‍ॅडिनोमायोसिस (गर्भाशयाचं अस्तर त्याच्या स्नायूत वाढणं) आहे का, हे त्यात जास्त स्पष्ट कळतं म्हणे. पिशवी काढायची नाही, फक्त गाठी काढायच्या, यावर ताई ठाम आहे. त्यामुळे एमआरआयचं म्हणणं पटतं, पण खर्च कितीतरी पट!

गर्भाशयात सलाइन सोडून करतात ती सोनोग्राफी कुणी केलीय का? अस्तराजवळच्या गाठीसाठी तेवढी पुरते? दुखते का फार? सीटी स्कॅन मात्र दोन्ही डॉक्टरांनी नको म्हटलंय. गाठी काढून घेतलेल्यांनी आधी कोणती तपासणी केली होती, तेही सांगा.