रोज हजार शब्द लिहील तोच लेखक, हा नियम कोणाच्या सोयीचा?

शाईदौत

नवोदितांच्या एका गटात परवा एका मार्गदर्शकांचे टिपण फिरत आले. पहाटे ५ वाजता उठावे, १००० शब्द लिहावेत, एकही दिवस चुकवू नये आणि ज्याला हे जमत नाही त्याने लेखक होण्याची इच्छा सोडावी, असा त्याचा सारांश. त्याखाली अनेकांनी हात जोडले होते. मला ते दोन ओळींत खोडता आले नाही, म्हणून येथे सविस्तर लिहिते.

मी डोंबिवलीत राहते. आमच्या इमारतीत पाणी पहाटे साडेपाच ते साडेसहा एवढेच येते. त्या तासात पाणी भरणे, दोन डबे आणि सासऱ्यांचे इन्सुलिन उरकून मला आठच्या सुमाराची लोकल गाठावी लागते. ४ वर्षांपूर्वी असाच उपदेश वाचून मी साडेचारला उठू लागले आणि १९ दिवस लिहिले. विसाव्या दिवशी मुलाला ताप आला, नेम मोडला, आणि आपल्यात ती धमकच नाही असे मनाशी धरून पुढचे १४ महिने मी वहीला हात लावला नाही. ताप ३ दिवसांत उतरला होता. १४ महिने वाया गेले ते चुकलेला दिवस म्हणजे नापास होणे, या शिकवणीमुळे.

आता आठवड्यातून ४ दिवस, परतीच्या गाडीत ठाण्याला बसायला जागा झाली की, मी मोबाइलवर दीडशे-दोनशे शब्द लिहिते. महिन्याला सुमारे २५०० शब्द होतात. दिवाळी अंकाच्या एका कथेचा कच्चा खर्डा तेवढ्यात बसतो. रविवारी दुपारी तो वहीत उतरवते आणि उतरवताना निम्मा गळतो. या रीतीने २ वर्षांत ६ कथा पूर्ण झाल्या. रोज १००० म्हणजे वर्षाला ३,६५,००० शब्द. ते पुन्हा वाचायचे, खोडायचे आणि पुन्हा लिहायचे केव्हा, याविषयी त्या टिपणात एक अक्षरही नाही.

पिंपळपान

ताई, आपल्या कष्टांविषयी आदर ठेवूनच विरोध नोंदवतो. सांगली जिल्ह्यात मी ३२ वर्षे मराठी शिकवले. अंगी गुण असलेली किमान पंधरा मुले माझ्या डोळ्यांसमोरून गेली. ‘परीक्षा झाली की’, ‘नोकरी लागली की’, ‘लग्नाचे उरकले की’ असे म्हणत ती सगळी थांबली. लिहीत राहिली ती एकच मुलगी, आणि तिचा नेम रोजचा होता. सवलतीची भाषा ऐकायला गोड लागते, पण नवोदिताला ती आळसाचे निमित्त पुरवते. गवई रियाज चुकवत नाही, मग लेखकानेच का चुकवावा?

रानवाट

सर, रियाजाची उपमा मला लागू पडत नाही. मी जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात केळी आणि कापूस करतो. शेतात तरी रोज एकच काम कुठे असते? पेरणी, निंदणी, वेचणी यांचे दिवस ठरलेले असतात. कापूस वेचणीला आला की दीड महिना माझ्या हातून एक ओळ होत नाही, आणि मार्चनंतर मी सलग तीन-तीन तास बसतो. आमच्याच जिल्ह्यातील असोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. काम करता करता त्या गाणी रचत गेल्या आणि घरच्यांनी ती टिपून ठेवली. १९५१ साली त्या गेल्या, आणि १९५२ साली त्या गाण्यांचे पुस्तक निघाले. त्यांनी रोज किती शब्द रचले, हा प्रश्न कोणी विचारील काय? साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिली. तिथे रोजचा नेम कोठे होता?

पिंपळपान

हा दाखला आपण घेतलात, हे बरे झाले. आपल्याच जिल्ह्यातील अमळनेरला गुरुजी शाळेत शिकवत आणि छात्रालय सांभाळत होते. तेथे ते मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढत. दैनिक, रानवाट! पाच दिवसांचे पुस्तक त्या रोजच्या लिहिण्यातून तयार झालेल्या हातातून उतरले. लोक पाच दिवस लक्षात ठेवतात आणि आधीची वर्षे विसरतात, याचा मला मनापासून राग येतो.

रानवाट

छात्रालयाचे मला माहीत होते, परंतु ते रोजच्या लिहिण्याशी असे जोडून पाहिले नव्हते. मुद्दा मान्य करावा लागतो. तरीही त्या हस्तलिखिताला रोज वाट पाहणारी मुले होती, हे विसरू नये. वाचणारे समोर असले की रोज लिहिणे सोपे जाते.

कोरा कागद

नेमका हाच दुखरा भाग आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. मी नांदेडचा, वय २६. तीन वर्षे जून-जुलैत दिवाळी अंकांना कथा पाठवतो आहे. ११ ठिकाणी पाठवल्या आणि ८ ठिकाणांहून होकार, नकार, पोच असे काहीच आले नाही. एका अंकाने कथा छापली, पण शेवटचा परिच्छेद न विचारता कापला, मानधन दिले नाही आणि अंकाची प्रत मला स्वतः विकत घ्यावी लागली. नवोदिताचा नेम आळसाने मोडत नाही, या मौनाने मोडतो. लिहिलेले विहिरीत टाकल्यासारखे नाहीसे होत असेल, तर पहाटे कोणासाठी उठायचे?

पिंपळपान

संपादकांच्या वागण्याचे समर्थन मी करणार नाही. संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन ‘सत्यकथा’ या वाङ्मयीन मासिकासाठी आलेल्या कथेवर लेखकाला सविस्तर पत्रे लिहीत, पुन्हा लिहायला लावत. १९८२ साली ‘सत्यकथा’ बंद पडली आणि ती शाळाच गेली. मात्र उत्तर आले नाही म्हणून लिहिणे थांबवणारा उत्तर आल्यावरही फार काळ लिहील, असे मला वाटत नाही.

कोरा कागद

हे वाक्य मला अत्यंत लागले. आपण मला ओळखत नाही, माझी एक ओळही वाचलेली नाही, आणि तरी निकाल देऊन मोकळे झालात. शिवाय ती शाळा सगळ्यांसाठी उघडी होती काय? १९६९ साली तरुण लेखकांनी ‘सत्यकथे’ची होळी केली, ती त्यांना त्या दारातून आत जागा दिसत नव्हती म्हणूनच. त्यांनी चक्रमुद्रित (सायक्लोस्टाइल केलेली) लघुअनियतकालिके, म्हणजे ठरावीक मुदतीविना निघणारे छोटे अंक, काढली आणि एकमेकांचे छापले, वाचले. त्या पत्रांचे गोडवे ऐकताना माझ्यासारख्याच्या मनात पहिला विचार येतो, की आम्हांला ती पत्रे आली असती काय?

शाईदौत

दोघांनाही विनंती, की ‘सत्यकथे’चा वाद आज मिटणार नाही. परंतु कोरा कागद यांचे म्हणणे धाग्याबाहेरचे आहे, असे मला वाटत नाही. माझ्या ६ कथांपैकी २ छापून आल्या, तरी मला टिकवून धरले ते छापील अक्षरांनी नव्हे. गाडीतली एक मैत्रीण दर सोमवारी ‘पुढे काय झाले?’ असे विचारते. वर्षातून एकदा येणाऱ्या दिवाळीवर ज्याचा नेम टांगलेला आहे, तो पाडव्यानंतर कोसळणारच. पिंपळपान सर, आपल्या त्या नियमित विद्यार्थिनीचे लेखन रोज कोण वाचत होते?

पिंपळपान

प्रामाणिकपणे सांगायचे, तर मी वाचत होतो. ती रोज वही आणून देई आणि मधल्या सुट्टीत मी समासात खुणा करी. तिचा नेम तिचा एकटीचा होता, असे मी इतकी वर्षे सांगत आलो. प्रश्न विचारला गेला म्हणून आज वेगळे आठवले. कोरा कागद, माझे ते वाक्य मी मागे घेतो. हजाराचा आकडाही सोडतो, कारण त्या मुलीचे रोज एकच पान असे. रोज मात्र मी सोडणार नाही. चार दिवसांचे तीन होतात, तिनाचे दोन होतात आणि पुढे वही माळ्यावर जाते, हे मी फार वेळा पाहिले आहे.

रानवाट

आणि मोडलेल्या नेमाच्या लाजेने वही माळ्यावर जाते, हे ताईंनी सांगितले. वेचणीनंतर पहिल्या दिवशी मी काहीच नवे लिहीत नाही; जुने शेवटचे पान हाताने पुन्हा उतरवून काढतो. दुसऱ्या दिवशी पुढची ओळ सुचते. परत बसायची वाट ज्याला ठाऊक आहे, त्याला खंडाचे भय बाळगण्याचे कारण नाही.

कोरा कागद

सर, वाक्य मागे घेतलेत, ठीक आहे. राग अजून पूर्ण गेलेला नाही. कापलेल्या परिच्छेदासह माझी मूळ कथा २८०० शब्दांची आहे. ती आपण वाचाल काय? समासात खुणा हव्या आहेत, कौतुक नको.

पिंपळपान

पाठवा. छापील प्रत पाठवलीत तर उत्तम, पडद्यावर माझे डोळे दुखतात. दोन आठवडे लागतील, आणि शेवटचा परिच्छेद मला अनावश्यक वाटला तर तसे स्पष्ट लिहीन.