मुंबई ते लंडन: 7,200 किलोमीटरला नेमके किती तास?

रंकाळाकाठी:
सप्रेम नमस्कार. मुलीच्या पदवीदान समारंभासाठी येत्या जुलैत आम्ही उभयता कोल्हापूरहून मुंबईमार्गे लंडनला जाणार आहोत. मुंबई-लंडन हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर आहे. विमानाचा वेग ताशी 900 किलोमीटर धरला, तर आठ तास पुरायला हवेत. तिकिटावर मात्र दुपारी 1 ला निघून सायंकाळी 6.30 ला पोहोचणार, म्हणजे साडेपाचच तास दिसतात, आणि परतीला रात्री 9 ते दुसऱ्या दिवशी सकाळी 10.30, म्हणजे साडेतेरा! यांतले खरे कोणते मानावे?

पाढेपाठ:
तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या त्या शहरातील घड्याळाची असते. जुलैत लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते; त्यामुळे जाताना साडेपाचात साडेचार मिळवा, दहा तास होतील, आणि येताना साडेतेरातून तेवढेच वजा करा, नऊ उरतील. परतीचा बेत ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारापुढे गेला, तर हाच फरक साडेपाच तासांचा धरावा लागेल.

भूगोलप्रेमी:
उरतो तो आठ आणि दहा तासांमधला फरक. 7,200 किलोमीटर हे पृथ्वीच्या गोलावरचे सर्वांत जवळचे अंतर आहे. ती रेषा पाकिस्तान, इराण, कॉकेशस आणि युक्रेनवरून जाते. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी 2022 पासून नागरी विमानांना बंद आहे आणि पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, त्यामुळे प्रत्यक्ष मार्ग वळसा घेतो. शिवाय तिकिटावरचा वेळ विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून लंडनला जागेवर थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतची चाल आणि उतरण्यासाठी आकाशात घातलेल्या घिरट्याही त्यात आल्या.
जाताना आणि येताना पडणारा तासाभराचा फरक मुख्यतः वाऱ्याचा आहे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. ताशी 900 किलोमीटरच्या विमानाला समोरून सरासरी 50 चा वारा लागला, तर जमिनीवरून मोजलेला वेग 850 भरतो. तोच वारा पाठीशी असला, तर 950. हिवाळ्यात हे वारे अधिक जोर धरतात.

उजळाईवाडीकर:
माझ्या मते आपण लंडनपेक्षा मुंबईची चिंता अधिक करावी. कोल्हापूर-मुंबई सरळ रेषेत जेमतेम 300 किलोमीटर, पण महालक्ष्मी एक्सप्रेसला जवळपास लंडनच्या विमानाइतकाच वेळ लागतो. ती सकाळी पोहोचते हे खरे. तरी जुलैत बोरघाटात दरड कोसळली, तर तुमचे गणित कोलमडेल. रस्त्याचाही भरवसा नाही, कारण ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या पुरांत शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली होता. दुपारी 1 च्या उड्डाणासाठी सकाळी 10 पर्यंत विमानतळावर असायला हवे, तेव्हा आदल्या दिवशीच मुंबई गाठून मुक्काम करावा.

रंकाळाकाठी:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. महालक्ष्मीचे आरक्षण एक दिवस अलीकडे घेत आहे.