बॅटरीवरची बग्गी चढावर मध्येच बंद पडते, दहा मिनिटांनी आपोआप चालू होते – मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार.

गुहागरजवळ आमचं छोटं होमस्टे आहे. रस्त्यापासून खोल्यांपर्यंत कलमांच्या बागेतून जांभ्याची वाट चढत जाते, तिथे पाहुण्यांच्या मोटारी वळत नाहीत. म्हणून दोन वर्षांपूर्वी सहा सीटची जुनी गोल्फ कार्ट घेतली. घरात सगळे तिला बग्गीच म्हणतात. 48 व्होल्टची आहे, सीटखाली 8 व्होल्टच्या सहा पाण्याच्या बॅटऱ्या सीरिजमध्ये.

गणपतीपासून तिने उच्छाद मांडलाय. सपाटीवर छान पळते. चढ लागला आणि मागे माणसं असली की मध्येच जीव सोडते. पेडल दाबलं की सीटखाली ‘टक’ होतं, एक हिसका बसतो आणि ठप्प. परत पेडल, परत टक, परत ठप्प. दहा मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही अशा थाटात चालू. परवा एक आजी बॅगांसकट बरोब्बर निम्म्या चढावर अडकल्या. ‘दमली असेल गं ती, बसू दे जरा,’ असं म्हणून त्यांनीच मला धीर दिला.

आतापर्यंत केलेले उद्योग: रात्रभर चार्ज करून सकाळी मोजलं तर एकूण 50.6 व्होल्ट, प्रत्येक बॅटरी 8.4 च्या वर. डिस्टिल्ड वॉटर बरोबर आहे. हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजतो तो) चोवीसच्या चोवीस सेल तपासले, सगळे 1.265 ते 1.275. टर्मिनलं खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, घासली, नट आवळले, वर व्हॅसलिन.

बॅटरीवाला म्हणतो सहाही बदला. (जेमतेम चौदा महिन्यांच्या आहेत हो!) दुसरा मेकॅनिक म्हणतो कंट्रोलर (मोटरला वीज कमी-जास्त देणारा डबा) गेला. दोघांनीही सीट उचलून फक्त आत डोकावून पाहिलं, मीटर कुणीच लावला नाही. सासरे म्हणतात बैलगाडी काय वाईट होती. कुठून सुरुवात करू?

खटपट्या:
ताई, सरळ लिथियम टाका. पाणी नाही, सोडा नाही, कटकट संपली.

जुना वायरमन:
खटपट्याभाऊ, दोष तारेत असला तर लिथियमही त्याच चढावर बसेल. आधी दोष शोधू, मग खिशात हात घालू.

ताई, तुमचे आकडे निरोगी बॅटऱ्यांचे आहेत. पण ते उभ्या गाडीचे आहेत. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे केबलच्या दोन धाग्यांवर लटकलेला जोडही त्याला पूर्ण व्होल्टेज दाखवतो. चढावर मोटरला दीडशे अँपिअर लागले की खरी परीक्षा. तिथे एका जोडात 3 व्होल्ट पडले तर साडेचारशे वॅट उष्णता त्या एवढ्याशा जागेत. जोड तापतो, आणखी सुटतो, कंट्रोलरला व्होल्टेज पुरत नाही आणि तो स्वतःला बंद करतो. थंड झालं की पुन्हा टेकतं. तुमच्या आजींचं निदान मला तरी पटलं.

एक सांगा. रात्री हेडलाइट लावून चढ चढवा. गाडी बसते त्या क्षणी लाइट फडफडते की स्थिर राहते? तुमची लाइट सहाही बॅटऱ्यांवरून कन्व्हर्टरमार्फत येत असेल तर यावरून अर्धं काम होईल. फडफडली तर दोष बॅटऱ्या आणि त्यांच्यामधल्या केबल्सकडे. स्थिर राहिली तर पुढे जायचं: सॉलेनॉइड (पेडल दाबलं की ‘टक’ करणारा मोठा विजेचा स्विच), पेडलखालचा मायक्रोस्विच, फॉरवर्ड-रिव्हर्सचा स्विच, कंट्रोलर.

धागाकर्ती:
काका, काल रात्री करून पाहिलं. दोन भाचे मागे बसवले, वर भाताचं एक पोतं. बसली तेव्हा लाइट स्पष्ट फडफडली, एकदा तर पूर्ण विझून परत आली. कन्व्हर्टर सहाही बॅटऱ्यांवर आहे, वायर धरून शेवटपर्यंत पाहिलं.

जुना वायरमन:
झकास. म्हणजे कंट्रोलरवाल्याला तूर्त नमस्कार.

आता मीटरला लांब वायरी जोडा आणि गाडी चढावर असतानाच मोजा. एकाने हळू चालवायची, दुसऱ्याने शेजारी बसून आकडे बघायचे. मागची चाकं जॅकवर उचलून मोजू नका. लोड नसेल तर काहीच दिसणार नाही, आणि सीरिज मोटर असेल तर ती बेफाम सुटते. ब्रेक दाबून पेडल धरून ठेवण्याचा आडमुठा प्रकारही नको, त्यात मोटरचा कम्युटेटर एकाच जागी भाजतो.

आधी एकेक बॅटरी, मग कंट्रोलरच्या मोठ्या दोन टोकांवर एकूण. बेरीज जुळली नाही तर हरवलेले व्होल्ट वाटेत कुठेतरी आहेत. ते शोधायला मीटरचं एक टोक एका बॅटरीच्या शिशाच्या पोस्टवर आणि दुसरं शेजारच्या बॅटरीच्या पोस्टवर, म्हणजे मधली केबल मोजली जाईल. लगवर (केबलच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी) टोक टेकवू नका, नाहीतर पोस्ट आणि लग यांच्यातला जोड मोजण्यातून सुटतो. चांगली केबल दशांश एक-दोन व्होल्टच्या वर जात नाही. सॉलेनॉइडच्या दोन मोठ्या बोल्टांवरही तसंच मोजा.

पान्ह्याच्या दांड्याला टेप गुंडाळा, बांगड्या-अंगठ्या काढून ठेवा. चार्जिंगनंतर बॅटऱ्यांतून हायड्रोजन निघतो, तेव्हा आसपास विडी ओढणारा कुणी असेल तर त्याला हाकला. कुठलीही केबल सोडण्यापूर्वी टो-रन स्विच टोवर (तेव्हा कंट्रोलर बंद राहतो).

धागाकर्ती:
विडीवाले म्हणजे आमचे गडीमामाच, त्यांना माडाखाली बसवलं. 😄

चढावरचे आकडे: सहाही बॅटऱ्या 7.9 च्या आसपास, बेरीज 47.4. कंट्रोलरवर मात्र 39.5! बाकी सगळ्या केबल्स 0.1 च्या आगेमागे, सॉलेनॉइड 0.3, आणि चौथ्या-पाचव्या बॅटरीमधल्या केबलवर 7 च्या आसपास. आकडा स्थिरही नव्हता, प्रत्येक खड्ड्याला नाचत होता.

गंमत म्हणजे बाहेरून तीच केबल सगळ्यात चकचकीत दिसत होती. लगवर काळी स्लीव्ह अगदी घट्ट बसलेली. मी तर तिचा नट स्वतः आवळला होता. गाडी टोवर टाकली, केबल सोडली आणि स्लीव्ह ब्लेडने चिरली. आतून मोरचुदासारखी निळी-हिरवी पूड भुरभुरली. लगच्या तोंडाशी तारा इतक्या खाल्लेल्या की जरा वाकवली तर हातातच आली. शाबूत धागे मोजले, पाच.

खटपट्या:
पाच धाग्यांवर दोन भाचे आणि भाताचं पोतं! लिथियमचा सल्ला मागे घेतो.

जुना वायरमन:
समुद्राकाठी हे नेहमीचं. खारी हवा आणि ॲसिडची वाफ स्लीव्हच्या फटीतून आत शिरते आणि तांब्याच्या केसासारख्या धाग्यांतून वर चढत जाते. वरून व्हॅसलिन लावून तिथे पोचता येत नाही.

एकच केबल बदलू नका. पाचही एकाच वयाच्या आहेत आणि एकाच हवेत राहिल्यात, सगळ्या नव्या करा. आधीच्यापेक्षा बारीक नको, थोडी जाड चालेल. लग हातोडीने ठोकून बसवणारा असेल तर तिथून निघा, हायड्रॉलिक प्रेस असलेला शोधा. वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी (गरम केली की आवळून बसते ती).

धागाकर्ती:
चिपळूणला प्रेसवाला मिळाला. पाचही केबल्स नव्या, त्याच्यासमोर उभं राहून करून घेतल्या. आज तीच वाट, तेच भाचे, तेच पोतं. कंट्रोलरवर 46.6, लाइट जागची हलली नाही, आणि वर पोचल्यावर प्रत्येक लगला हात लावून पाहिला, सगळे जेमतेम कोमट. बॅटरीवाल्याचा मघाशीच फोन येऊन गेला, ‘मग सेट कधी पाठवू?’

शेवटचा प्रश्न, सॉलेनॉइडचे 0.3 चालतील का?

जुना वायरमन:
चालतील, पण आतले काँटॅक्ट खायला लागलेत. हिसके देत चालू-बंद झालं की तेच भाजतात. लगेच बदलायची गरज नाही, एक आणून ठेवा. बसवताना दोन गोष्टी विसरू नका: मोठ्या बोल्टांमध्ये असलेला रेझिस्टर जसाच्या तसा परत लावा, आणि कॉइलवरच्या डायोडची पट्टी जुन्या बाजूलाच येऊ द्या. उलटा लागला तर कंट्रोलरवाला मेकॅनिक खरा ठरेल.

धागाकर्ती:
आत्ताच सीट उचलून फोटो काढून ठेवते.