जुने विनोदी सिनेमे : तेव्हा कुठे हसलात, आता कुठे अडखळता?

रातराणी
रविवारी लेकीला 'अशी ही बनवाबनवी' दाखवायला बसवलं, चौघा मित्रांतले दोघं भाड्याची खोली मिळावी म्हणून बायका होतात तो. तेरा वर्षांची आहे. आधी नाकं मुरडली, पण घरमालक सरपोतदार आले आणि उशी पोटाशी धरून लोळायला लागली. मी प्रत्येक वाक्य आधीच म्हणत होते म्हणून माझ्यावर चिडलीसुद्धा. मग ते वाक्य आलं, "नवऱ्यानं टाकलंय तिला." लेकीने सिनेमा थांबवला. म्हणाली, "टाकलंय म्हणजे? कुठे टाकलंय?"

आणि मी एकदम मिरजेच्या वाड्यात. साल १९९०. गणपतीत वर्गणी काढून व्हिडिओ आणला होता. टीव्ही आमच्या खिडकीत, अंगणात सतरंज्या, पंधरा बिऱ्हाडांची माणसं. मावशी त्याच वर्षी सासरहून कायमची परत आली होती, मी तिच्या मांडीवर. या वाक्याला सगळा वाडा खो खो हसला आणि मावशी "पाणी आणते" म्हणून उठली. आत माठावर तांब्या आपटल्याचा आवाज आला, तो मला अजून ऐकू येतो. तिची जागा कुणी घेऊ नये म्हणून मी फ्रॉकचा घेर पसरून बसले होते. ती परत आली ती थेट डोहाळजेवणाच्या गाण्याला.

लेकीला 'टाकलंय'चा अर्थ सांगितला. ती म्हणाली, "मग यात हसायचं काय?" मला उत्तर देता आलं नाही. सिनेमा मला अजूनही जिवापाड आवडतो, हेही तितकंच खरं. तुमचं असं काही झालंय का? कुठल्याही जुन्या विनोदी सिनेमाबद्दल लिहा.

माऊ
कुकर लावलाय, तिसऱ्या शिट्टीपर्यंत लिहिते. आमच्याकडे एका रात्रीत तीन कॅसेट. पहिला पिक्चर मोठ्यांचा, दुसरा बच्चनचा, तिसऱ्याला मी झोपलेली. 'धूमधडाका' कायम तिसरा. त्यामुळे शरद तलवलकरांचा धनाजीराव वाकडे शेवटी कसा मानतो हे मला लग्नानंतर कळलं! नवऱ्याला आश्चर्य वाटलं की मराठी मुलीने धूमधडाका पूर्ण पाहिला नाही.
रातराणी, मावशीचं वाचून घशात आलं गं. झाली शिट्टी.

झब्बू
धूमधडाका निघालाच आहे तर. अशोक सराफ यदुनाथ जवळकर होऊन येतात आणि ठसका लागतो, 'व्याख्खा विख्खी वुख्खू'. माझ्या आजोबांना दमा होता. घरात कुणी खोकला की आम्ही पोरं हे म्हणायचो आणि आजी डोळे मोठे करायची. एकदा आजोबांना जोराची उबळ आली, आम्ही सगळे गप्प. उबळ थांबल्यावर त्यांनी स्वतःच तोंड पुसत म्हटलं, "व्याख्खा विख्खी..." पुढचं म्हणायला श्वास पुरला नाही, ते आम्ही पूर्ण केलं. नंतर तो नियमच झाला. सुरुवात त्यांनी करायची, शेवट आम्ही.
शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात त्यांच्या नाकाला नळी होती. त्यांनी फक्त बोट वर केलं. मी आणि ताईने अख्खं म्हटलं. हा विनोद माझ्यासाठी जुना होणं शक्यच नाही.

माऊ
झब्बू, रडवलंस रे.

औंधकर
व्हिडिओ वगैरे फार नंतर. आम्ही तंबूवाले. जत्रेत टुरिंग टॉकीज यायची, मधे कनात, एकीकडे बाया एकीकडे गडी. दादा कोंडकेंचा 'सोंगाड्या' १९७१ चा, पण आमच्याकडे पुढची कितीतरी वर्षं फिरत होता. 'पांडू हवालदार' पण. रीळ तुटलं की शिट्ट्या.
शहरातली माणसं दादांच्या द्वयर्थी बोलण्याला नाक मुरडायची. माझी आजी पदराचा बोळा तोंडात धरून हसायची, डोळ्यांतून पाणी. घरात सासऱ्यापुढे चप्पल न घालणारी बाई. कनातीपलीकडून बायांचं हसू गड्यांच्या वरचढ यायचं, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. जात्यावरच्या ओव्या आणि हळदीची गाणी ज्यांनी ऐकलीत त्यांना त्या बोलण्यात नवीन काही नव्हतं.
आता पाहताना मला बोचतं ते वेगळंच. बोलणं नाही बोचत, बाईच्या अंगावरून फिरणारा कॅमेरा बोचतो. विशेषतः पुढच्या पुढच्या सिनेमांत. सोंगाड्यातला नाम्या मात्र भाबडाच आहे, तो आजही चालतो.

आजोळ
औंधकर, एक भर घालतो. 'सोंगाड्या'ची कथा वसंत सबनीसांची. त्याआधी त्यांच्याच 'विच्छा माझी पुरी करा' या वगनाट्याने दादांना गावोगावी नेलं. आणि 'बनवाबनवी'चे संवादही सबनीसांचेच, १९८८. तंबूतली आजी आणि वाड्यातली माणसं एकाच लेखकाने हसवली. बनवाबनवीचं मूळ हृषीकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान' (१९६६). मी दोन्ही पाहिले. मराठीत ती गोष्ट आमच्या पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत येऊन बसली, म्हणून टिकली.
माझं वय ७८. आमचा विनोदी नट म्हणजे राजा गोसावी. 'लाखाची गोष्ट' १९५२ चा. लाख रुपये खर्च करून दाखवायचे आणि ते काही केल्या खर्च होत नाहीत. वडिलांचा पगार तेव्हा शंभराच्या आत. आई सिनेमा पाहून आली आणि रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या हिशेब करत होती, ती असती तर लाख रुपये कसे संपवले असते. पाटल्या, छपराची कौलं, धाकट्या दिराचं शिक्षण. चार हजाराच्या पुढे तिचा हिशेब जाईना. वडील हसत होते, मग हसायचे थांबले.
कुणाच्या व्यंगावर एक विनोद नाही त्या सिनेमात. राजाभाऊ परांजपे आणि गदिमा, आणखी काय सांगू.

निळा सदरा
हे मी कधी कुठे लिहिलं नाही. शाळेत माझा आवाज बारीक होता आणि चालणं जरा लचकत. सहावीत होतो तेव्हा बनवाबनवी गावात पोचला आणि दुसऱ्या दिवसापासून माझं नाव पार्वती. मास्तरसुद्धा हजेरी घेताना एकदा म्हणाले आणि वर्ग फुटला. दहावीपर्यंत तेच नाव. मधल्या सुट्टीत मी ग्रंथालयात बसायचो, कारण तिथे बोलायला मनाई होती.
पार्वती झालेल्या लक्ष्याचा, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डेचा, राग मी पुष्कळ वर्षं केला. मग डिसेंबर २००४ मध्ये तो गेल्याची बातमी आली आणि मला रडू फुटलं, माझं मलाच कळेना. त्यानंतर सिनेमा नीट पाहिला. लक्ष्याची पार्वती हिडीस नाही हो. ती दमलेली आहे, भांबावलेली आहे, पदर सावरता सावरता तिची तारांबळ उडते. तो बाईला हसत नाही, बाई होऊन अडकल्याचं त्याला हसू आणि रडू येतं. हसणारे माझ्या वर्गातले होते, पडद्यावरचा माणूस नव्हता.
बस. एवढंच.

रातराणी
निळा सदरा, लिहिलंत हे फार मोठं केलंत. मला तुमच्याशेजारी त्या ग्रंथालयात येऊन बसावंसं वाटतंय.

औंधकर
भावा, नमस्कार तुला.

वऱ्हाडी पाहुणा
आमचंही एक गाऱ्हाणं ऐका. जुन्या मराठी सिनेमात घरमालक पुण्याचा बोलणार, हिरो पुण्याचा बोलणार, आन् नोकर नाहीतर येडा निघाला की तो "कोन्तं बाप्पा" म्हणनार. आमची बोली आली की थेटरात लोक आधीच हसायचे, वाक्य संपायच्या आत. कॉलेजला पुण्यात आलो तेव्हा मेसमध्ये "वरन वाढा" म्हटलं तर पंगत हसली. मी एक महिना वरण मागितलंच नाही. पातेल्याकडे बोट दाखवायचो.

चिंगी
वऱ्हाडी दादा, मालवणीचं पण तेच! आमच्या घरी सगळे मालवणी बोलतात आणि ती जगातली सगळ्यात गोड भाषा आहे.
माझा अनुभव हसण्याचा नाही, घाबरण्याचा आहे. 'झपाटलेला'. १९९३ ला मी पाच वर्षांची. अख्खं घर हसतंय आणि मी आतेच्या पाठीमागे. तात्या विंचू! रामदास पाध्येंचा तो बाहुला आणि दिलीप प्रभावळकरांचा आवाज. माझी एक बोलकी बाहुली होती, पोट दाबलं की रडायची. त्या रात्री मी तिला गोधडीत गुंडाळून माळ्यावर ठेवायला लावलं. घर पाडताना २०१६ मध्ये सापडली. सेल वितळलेले, पण गोधडीची गाठ तशीच, आतेने बांधलेली. आते त्याच्या आदल्या वर्षी गेली.

झब्बू
चिंगी, आमच्याकडे भावाने बाहुलीच्या कपाळाला गंध लावून मंत्र म्हटला होता. आईने दोघांना बदडलं.

माऊ
परत आले, भाजी टाकून. कुणाकडे बनवाबनवीतल्या लिंबू कलरच्या साडीचा किस्सा नाही का? माझ्या जावेने हळदीकुंकवाला तोच रंग हवा म्हणून लक्ष्मी रोड पालथा घातला. दुकानदार म्हणाला, "ताई, नाव घेऊ नका, कळलं कुठला रंग," आणि थेट गठ्ठा काढला.

परदेशी पतंग
न्यू जर्सीहून. इथे सकाळ आहे, गाडीत बसून लिहितोय. गेल्या वर्षी गणपतीत मुलांसाठी आम्ही बनवाबनवी लावला, खाली इंग्रजी अक्षरं. सत्तर रुपये वारले तिथे सगळे आईबाप हसले आणि सगळी मुलं शांत. खाली 'सत्तर रुपये गेले' अशा अर्थाचं काहीतरी आलं होतं. मी थांबवून समजावलं, की पैसे जातात आणि माणूस वारतो. मग माझा मुलगा म्हणाला, "वारणे हे क्रियापद मला माहीतच नाही, तुम्ही नेहमी 'गेले' म्हणता."
खरंच. माझ्या आईला जाऊन सहा वर्षं झाली, मी त्याच्यासमोर एकदाही 'वारली' म्हटलेलं नाही. त्या वाक्यात चूक काही नाही, तरी माझ्या घरात ते मेलं. या गोष्टीने मी दोन दिवस बेचैन होतो. आता रोज जेवताना एक जुना शब्द काढतो. काल 'उसनवारी' होता.

आजोळ
पतंग, 'गहाण' घ्या. मग 'हातउसने'.

खोली नंबर नऊ
मला इथे एक बोलायचंय, सरळ विषयाचं नसेल कदाचित. बनवाबनवीत सगळा खेळ खोली मिळत नाही म्हणून. मी घटस्फोटित, ३४ वर्षांची, मागच्या मार्चमध्ये कोथरूडला घर शोधत होते. एका काकूंनी चहा दिला, गच्ची दाखवली, पाणी किती वाजता येतं ते सांगितलं. मग विचारलं, "मिस्टर कधी येणार?" नाहीत म्हटलं. त्यांनी माझ्या हातातला कप काढून घेतला नाही, पण त्यानंतर एक शब्द बोलल्या नाहीत. दहा-बारा ठिकाणी थोड्याफार फरकाने हेच.
त्या रात्री मैत्रिणीच्या सोफ्यावर हाच सिनेमा पाहिला. लीलाबाई काळभोर घर दाखवतात तिथे मी इतकी हसले की मैत्रीण घाबरली. ३५ वर्षांत एक गोष्ट बदललेली नव्हती. आणि त्या चौघांचं घाबरणं इतकं खरं होतं की मला पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी माझ्या बाजूने आहे.
पण रातराणी म्हणतात ते वाक्य आलं तेव्हा मीपण उठले. फ्रिज उघडून उभी राहिले.

रातराणी
नंबर नऊ... आता घर मिळालं का?

खोली नंबर नऊ
हो, वारज्यात. मालक आजी एकट्याच राहतात. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "भांडी घासायचा आवाज रात्री दहानंतर नको." प्रश्न पण नाही तो. :)

चिंगी
वारज्यात कुठे? मी पण वारज्यातच! विपूत (विचारपुशीत) निरोप टाकते.

वऱ्हाडी पाहुणा
आज घरी वरन-भात. हा धागा वाचून बायकोले मोठ्यानं म्हटलं, "वरन वाढ."

रातराणी
सगळ्यांचं वाचतेय, हळूहळू उत्तरं देते. काल रात्री धीर करून मावशीला फोन केला. ती आता ६९ वर्षांची आहे, सांगलीत. तिला मिरजेची ती रात्र विचारली. वाटलं होतं आठवणार नाही. म्हणाली, "आठवतंय की. तू फ्रॉक पसरून बसली होतीस, पिवळा."
मग म्हणाली, "मला त्या वाक्याचं वाईट नव्हतं वाटलं. सगळे हसल्यावर तुझ्या आईने वळून माझ्याकडे बघितलं, त्याचं वाटलं. आणि मला कुणी टाकलं नव्हतं गं. मी निघून आले होते. ते वाड्यात कुणाला सांगायची सोय नव्हती, म्हणून टाकलेलीच म्हणून राहिले."
चाळीस मिनिटं बोलत होतो. फोन ठेवताना तिने विचारलं, सुधीर जोशी कधी गेले. २००५ म्हटलं. "सरपोतदार झकास होता," म्हणाली.
लेकीला सांगितलं हे सगळं. तिला मावशीकडे जायचंय, दिवाळीत.

झब्बू
मावशींना आमचा नमस्कार सांग.

माऊ
मिरजेला जाशील तर माझ्यासाठी बसवेश्वर चौकाजवळच्या... नको, आधी मावशीकडेच जा. आणि चिवडा पातळ पोह्यांचा करतात का त्या? मला सांगलीकडची पद्धत हवीय, माझे पोहे दर वर्षी आक्रसतात.

औंधकर
माऊताई, पोहे आधी उन्हात ठेवा, भर दुपारी, तासभर. मग मंद आच.