रेलिंग, कठडा की कटांजन?

आराखडेकर: पॉलिटेक्निकच्या पोरांसाठी रेविटची, म्हणजे इमारतींचे आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरची, टिपणं मराठीत करतोय. उदाहरण मुद्दाम पंचगंगेच्या घाटासारखं घेतलंय. पायऱ्या 'जिना' म्हणून काढल्या तर रेलिंग त्यांचा उतार आपसूक धरतं. एकावर एक स्लॅब रचून काढल्या, की रेलिंगला 'होस्ट', म्हणजे ज्यावर ते बसतं तो भाग, एकच स्लॅब मिळतो आणि ते त्याच पातळीत सरळ पुढं जातं. 150 मिलिमीटरच्या 10 पायऱ्या उतरलात की गजांची टोकं हनुवटीपाशी लोंबतात! मग रेषेचे तुकडे पाडून प्रत्येकाची उंची वेगळी भरायची. मी लिहिलं, 'कठड्यासाठी यजमान पृष्ठ निवडा'. तपासणाऱ्या सरांनी दोन्ही शब्द खोडले. कठड्याचं काय चुकलं? आणि असा टप्प्याटप्प्यांचा तळ म्हणजे पायरीदार, की सोपानी?

उद्यमनगरी: सर बरोबर हायत. रंकाळ्याच्या कठड्यावर आपण बसतोय. रेलिंगवर कोण बसतंय? कठडा म्हंजे बांधीव, भरीव. आमच्या शॉपमधी मास्टर पिलर, बेसप्लेट, पाइप, बेंड, झालं रेलिंग. गिऱ्हाईक 'कठडा करून द्या' म्हणालं तर मी त्याला गवंड्याकडं धाडीन.

माडीवरची: आमच्या माडीचा कठडा सगळा लाकडी होता, त्यातून खालचं अंगण दिसायचं. तो काय भरीव होता? आजोळी कोकणात त्यातल्या उभ्या दांड्यांना गरादे म्हणत. दोन गराद्यांमध्ये माझ्या भावाचं डोकं अडकलं होतं, तेव्हा आजीनं खोबरेल लावून सोडवलं. ती 'कठड्यात अडकला' असंच सांगायची.

बोरूबहाद्दर: लाकडी असेल तर 'कटांजन'. चांगला शब्द होता, रेलिंगनं मारला. लेण्यांबद्दल लिहिताना 'वेदिकापट्टी' सर्रास वापरतात. कार्ल्याला दगडात कोरलेली ती पट्टी पाहा, मूळ नक्षी लाकडी कुंपणाचीच. 'वेदिका' घ्या, पोरांना एक नवा शब्द मिळेल.

उद्यमनगरी: उद्याच बोर्ड लावतो. येथे वेदिका वेल्डिंग करून मिळेल.

जुना ड्राफ्ट्समन: शब्द नंतर बघा, आधी पायऱ्या जिना म्हणूनच काढा की! रेलिंग निमूट बसेल.

आराखडेकर: रेविटमधला जिना सगळ्या पायऱ्यांना एकच चढ देतो, साहेब. जुन्या घाटाची पायरी पायरीसारखी नसते.

माडीवरची: आणि घाटावर 'यजमान' म्हटलं की मला तरी भटजींसमोर पाटावर बसलेला माणूस दिसतो. सरांनी तो शब्द खोडला ते बरं केलं. 'आधार' म्हणा.

उद्यमनगरी: 'रेलिंगला आधार जोडा' लिहिलंसा तर पोरं कार्ड काढत्यात खिशातनं.

गडहिंग्लजकर: मूळ कुणीच बघेना झालंय. आमच्याकडं कन्नड जवळ. कट्टु म्हणजे बांधणे, कट्टे म्हणजे झाडाभोवतीचा पार. त्यावरनं कट्टा, आणि त्यावरनंच कठडा. म्हणून तो बांधीव. उद्यमनगरी न शिकता बरोबर बोललाय.

बोरूबहाद्दर: काहीही! काष्ठ, त्याचं काठ, त्याला 'डा' प्रत्यय. मुखडा होतो तसा. म्हणजे मुळात लाकडीच.

माडीवरची: आणि विहिरीचा कठडा? तो काठावर असतो म्हणून कठडा, इतकं सरळ आहे. लाकडाचा काय संबंध?

बोरूबहाद्दर: 'काठावर असतो म्हणून' ही व्युत्पत्ती नव्हे, शाळेतली आठवणीची युक्ती आहे. उद्या म्हणाल, काठोकाठ भरतो म्हणून काठवट. काठवट लाकडाचीच असते, हे तरी मान्य करा.

गडहिंग्लजकर: आमच्या घरात दगडी काठवट हाय. भाकरी त्यातच थापतोय. आता बोला.

आराखडेकर: मंडळी, पायरीदार की सोपानी? छपाईला द्यायचंय.

बोरूबहाद्दर: नाव टिकलं, वस्तू बदलली, म्हणून मूळ बदलत नाही. आणि तुमच्या कट्ट्यातला ट कठड्यात आल्यावर ठ कसा झाला, ते आधी सांगा.

गडहिंग्लजकर: अस्सल कन्नड शब्दांत ठ नसतोय. मराठीनं उचलताना घातला असेल.

बोरूबहाद्दर: मग 'कट्टा' उचलताना का नाही घातला?