प्रति: फ्रिजमध्ये ठेवलं की झालं?
वर कोणीतरी लिहिलंय, नागपूरच्या उन्हाळ्यात फ्रिज असला की अन्नाची काळजी नाही. बाकी बऱ्याच जंतूंपुरतं ठीक, पण लिस्टेरिया हा अन्नातून पोटात जाणारा जंतू त्या हिशेबात बसत नाही ना! तो फ्रिजमधल्या ४ अंशालाही हळूहळू वाढतो. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये पोलोनी या तयार मांसातल्या लिस्टेरियामुळे हजारावर लोक आजारी पडले, दोनशेवर दगावले. त्यात नवजात बाळं बरीच. लक्षणं कधी ७० दिवसांनीही दिसतात, मग दोष कोणत्या घासाचा हे कसं कळणार? तिथे जंतूंचा जनुकक्रम (डीएनएमधला क्रम) जुळवून कारखाना शोधला. सावजीचा उकळता रस्सा मला तरी सुरक्षित वाटतो, पोटाचं काय ते वेगळं. घरी गरोदर बाई असेल तर कच्च्या दुधाचं चीज टाळा आणि उरलेलं अन्न वाफा येईपर्यंत तापवा.