गृहनिर्माण संस्थेचे उपविधी कोणी लिहावेत : सभासदांनी की शासनाने?

माजी सचिव :
आमच्या ६४ सदनिकांच्या संस्थेने गेल्या महिन्यात शासनाचे आदर्श उपविधी, म्हणजे संस्थेच्या कारभाराच्या नियमांचा शासनाने केलेला नमुना, जसेच्या तसे स्वीकारले. गणपूर्तीसाठी (किमान उपस्थितीसाठी) २० सभासद हवे होते, आले १२. सभा तहकूब झाली, अर्ध्या तासाने तेच १२ जण पुन्हा बसले आणि कोणीही न वाचलेली पुस्तिका एकमताने मंजूर झाली. माझा आक्षेप त्या १२ जणांवर नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार नोंदलेली संस्था ही निगमित, म्हणजे स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व असलेली, संस्था असते, आणि उपविधी म्हणजे कायदा नव्हे, तर कंपनीच्या नियमावलीसारखी अंतर्गत व्यवस्था होय, असे सर्वोच्च न्यायालयाने एका सहकारी बँकेच्या प्रकरणात १९६९ सालीच म्हटले आहे. म्हणजे उपविधी हा सभासदांचा आपसातला करारच. करार आमचा असेल तर मसुदा मंत्रालयाचा का? उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे दोन-तृतीयांश बहुमत मिळवले, तरी निबंधकाने (सहकारी संस्थांची नोंदणी करणाऱ्या शासकीय अधिकाऱ्याने) नोंदवल्याशिवाय आमची दुरुस्ती अमलात येत नाही.

भाड्याने दिलेली सदनिका :
आपण ज्याला करार म्हणता, त्यावर सदनिका घेताना मी सही केली, एवढेच. त्यातला एक शब्दही बदलण्याची मुभा मला नव्हती. बदली झाली म्हणून मी घर भाड्याने दिले, तेव्हा दरमहा ३,००० रुपये सेवाशुल्क असताना संस्थेने वर १,५०० रुपये बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे शुल्क) लावले, आणि तेही बहुमताने, कारण सभेला येतात ते तिथे राहणारे. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, म्हणजे माझ्या बाबतीत ३०० रुपये. ती मर्यादा मुंबई उच्च न्यायालयानेही २००७ मध्ये उचलून धरली आहे. आदेशाची प्रत जोडून पत्र दिले, तेव्हा पुढच्या बिलात रक्कम गुपचूप कमी झाली. उपविधी सर्वस्वी सभासदांवर सोडले असते, तर मी कोणाकडे दाद मागितली असती?

माजी सचिव :
आपला अनुभव मान्य, पण तो माझ्याच बाजूचा आहे. ती मर्यादा आदर्श उपविधींतून आलेली नाही. ती त्याच अधिनियमाच्या कलम ७९ अ खालच्या, म्हणजे संस्थांना निर्देश देण्याच्या अधिकारातल्या, शासन आदेशाने आली. शासनाने दुर्बलाच्या रक्षणासाठी कमाल मर्यादा जरूर घालाव्यात. मात्र वाहने जागेपेक्षा जास्त झाली की पार्किंगचे वाटप दरवर्षी चिठ्ठ्या टाकूनच करावे, हे मंत्रालयात बसून कशाला ठरवायचे? आमच्याकडे गुडघ्यांचे दुखणे असलेल्या सभासदाला लिफ्टजवळची जागा मिळावी, असे सगळ्यांनाच वाटते, पण चिठ्ठीला गुडघे दिसत नाहीत.

तिसरा मजला :
स्वातंत्र्य दिले की ते केवळ लिफ्टजवळच्या जागेपुरते राहत नाही. अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या उपविधींनी सभासदत्व पारशांपुरते मर्यादित ठेवले होते. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले, कारण उपविधी हा सभासदांनी स्वेच्छेने स्वीकारलेला करार आहे आणि संबंधित अधिनियमात त्याला मनाई नव्हती. आपला 'करार आमचा' हा युक्तिवाद तिथेच जाऊन पोहोचतो. मला हा निकाल पटत नाही, पण त्यातून एवढे दिसते की राज्याचा कायदा गप्प राहिला, तर दार कोणासाठी उघडायचे हेही संस्थाच ठरवते.

पार्किंगबाबत मात्र आपल्यापुढे अडचण नाही. आदर्श उपविधी हा नमुना आहे. सभेने स्वीकारून निबंधकाने नोंदवल्याशिवाय तो लागू होत नाही आणि सभेला त्यात फेरफार सुचवता येतात. दुरुस्तीचा मसुदा विषयपत्रिकेवर घेऊन नोटीस १४ दिवस आधी पाठवा. पुन्हा १२ जणच आले, तर आठ हात पुरतील.

माजी सचिव :
आठ हात मिळतील. नोटिशीबरोबर मसुदाही प्रत्येक दारात जाईल, म्हणजे या वेळी निदान न वाचण्याची सबब राहणार नाही. उपनिबंधक नोंद नाकारतात का, ते त्यानंतर इथेच लिहीन.